जामीनदार

लोखंडे साहेबांनी फाइल मिटली
तेव्हा तिच्यात एवढंच होतं:
कोळंबी सोलल्याचा सहा महिन्यांचा हिशोब, किलोवर.
तीन महिने भरलेले,
चौथा अर्धा,
पुढचे दोन कोरे.
तिकडे परदेशात कुणीतरी कोळंबी खायचं थांबलं
आणि इकडे मिरजोळ्यात आमची पाळी बंद.
साहेब वाईट नव्हते. म्हणाले,
मंदी आहे, ताई. वरूनच नाही.
वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.
त्यांच्या डोक्यावर पंखा होता, तो फिरत होता.

त्याआधी महिनाभर मी जामीन शोधत होते.
सासूला वाटलं, कुणाला तरी सोडवायला निघाले.
कुणाला गो पकडलंन?
थोरले दीर म्हणाले, माझीच होडी गहाण.
मिरकरवाड्याचा लिलाववाला बशीर
बर्फावरचा हात न काढता म्हणाला,
उधार माग, देतो. जामीन नको.
उधारीत पैसे जातात,
जामिनात झोप.

मग नगरपालिकेच्या भिंतीवर कागद लागला:
बँकेने नाकारलेल्यांसाठी.
इतक्या स्पष्ट शब्दांत आम्हाला
कुणी हाक मारली नव्हती.
नाकारल्याचं पत्र जोडा, असंही होतं खाली.
ते मी तेलाच्या डब्याखाली सरकवलेलं.
डागासकट नेलं.

काझी मॅडमनी अर्ज फिरवून माझ्यापुढे ठेवला.
जामीनदाराच्या रकान्यात
आधीच छापलेलं:
शासन.

ह्याला मी ओळखते.
वादळात कौलं उडाली तेव्हा चार महिन्यांनी आलेलं,
तोवर आम्ही कौलं घातलेली,
तर "नुकसान आढळले नाही" लिहून,
सरबत पिऊन गेलं.
ते आता माझ्या पाठीशी उभं.
मी वळून बघितलं, खरंच बघितलं.
पाण्याचं पिंप होतं. त्यावर साखळीने बांधलेला पेला.

नीट ऐका, काझी मॅडम म्हणाल्या,
हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही.
तुम्ही बुडालात तर बँक कोरडी राहील,
आणि मग शासन तुमच्या दारात येईल.
चार महिन्यांनी? मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
नाही. तेव्हा वेळेवर येईल.

अंगठा लावा.
लावला. यंत्राने घेतला नाही.
दुसरा. तोही नाही.
एकोणीस वर्षं बर्फाच्या पाण्यात
रेषा धुऊन गेल्यात, मॅडम,
कारखान्यातल्या सगळ्याजणींचं असंच आहे.
त्यांनी स्वतःचा चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.
धरा. गरम आहे, घट्ट धरा.
रांग चुळबुळली.
पाचव्या वेळी हिरवा दिवा लागला,
कुणीतरी मागून म्हणालं, सुटली.

घर नाचण्याच्या रस्त्याला, चौथा मजला.
अकरा खोल्या अजून अंधारात,
बिल्डर पाटकर आल्यागेल्याला चहा पाजतो.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, हे त्याने
दबक्या आवाजात सांगितलं, खोट सांगावी तसं.
मी म्हटलं, बरंच झालं.
पेट्रोल पंप दिसतो. रात्रभर उजेड.

जयवंत झोपल्यावर हिशोब घातला.
एक हप्ता म्हणजे तीनशे दहा किलो,
डोकं काढून, शीर काढून.
असे दोनशे चाळीस.
म्हणजे चौऱ्याहत्तर हजार चारशे.
एवढी कोळंबी समुद्रात आहे का,
हे अर्जात कुठे विचारलेलं नव्हतं.

सोमवारपासून पाळी सुरू होतेय म्हणतात,
आठवड्याला तीन दिवस.
सासू अजून विचारते, सुटला काय गो तो?
सुटला, मी म्हणते.
आणि हात नाकाशी नेऊन बघते.
किती महिने झाले,
वास गेलेला नाही.