अ फ्यू

धनकवडीत झेरॉक्सच्या दुकानावर
आमचा इंग्रजीचा क्लास. सात ते आठ.
गोडांबे सर सांगतात, मोजता येतं त्याच्या आधी
'अ' लावायला विसरू नका.
आय हॅव अ हेडेक. आय ॲम इन अ हरी.
घाई कशी मोजायची, मी विचारलं.
सर हसले. म्हणाले, धिवारबाई, ते तसंच असतं, पाठ करा.

मग फळ्यावर: आय हॅव फ्यू फ्रेंड्स.
म्हणजे जवळजवळ नाहीतच.
आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स.
म्हणजे आहेत की, चार-दोन.
एवढंसं अक्षर,
आणि रिकाम्या खोलीत कुणीतरी येऊन बसलं.

आपल्यात हे काम 'च' करतो. आणि 'तरी'.
दोनच पोळ्या. दोन तरी पोळ्या.
डबा उघडला तर
पोळ्या तेवढ्याच.

साडेआठच्या बसने कोथरूड.
चांदोरकर काकांकडे माझी रात्रपाळी.
परवा डॉक्टर जिना उतरता उतरता
त्यांच्या मुलाशी बोलत होते,
भराभर, सगळं इंग्रजीत.
मी दारात, हातात भांडं.
'फ्यू डेज' एवढं कानावर आलं.
आधी 'अ' होता का?
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारली
नेमकी तेव्हाच.

आत आले तर काका जागे.
काय म्हणाला गं तो?

मी उशी सारखी केली.
पेजेत मीठ घातलं, ढवळलं,
पुन्हा ढवळलं.
म्हणाले, म्हटलं,
दोन तरी घास खाऊ घाला.