शुक्रवार सोडून

कर्णिक सर आले, आणि बोनेटआधी
त्यांनी वही उघडली.
दोनशे पानी, समास आखलेली.
'सोमवार, सात दहा. कॅडबरीच्या सिग्नलला तीन झटके.
मंगळवार, सात पाच. गेटपासूनच थरथर.
बुधवार, सात आठ. खोपटपर्यंत पिवळा दिवा लुकलुकत होता.'
अक्षर असं, की चूक गाडीची असून
मलाच अंगठे धरून उभं राहावंसं वाटलं.

वागळे इस्टेटच्या बावीस नंबर रस्त्यावर
माझ्या शेडमध्ये येणारे मालक
एवढंच म्हणतात, 'काहीतरी होतंय.'
नेमकं काय, ते त्यांना विचारू नये.
गाडीला विचारावं,
तेही ती रात्रभर थंड झाल्यावर.

म्हणून ठेवून घेतली.
सकाळी चावी फिरवली. लोण्यासारखी चालली.
दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.
तौफिक म्हणाला, 'उस्ताद, हिला आपली शेड मानवते.
सरांचं घरच मानवत नाही.'
मी त्याला पाना आणायला पिटाळलं.
पोरगं बरोबर बोललं होतं, हे मला चार दिवसांनी कळलं.

मशीन लावलं. मशीन म्हणालं, तिसरा सिलिंडर.
मशीनला तेवढंच येतं, बोट दाखवणं.
बाईंनी विचारलं खोडी कुणी काढली,
की पुढच्या बाकावरचं पोर दाखवतं, तसं.
तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकली,
पहिल्याची तिसऱ्यावर.
दुखणं कॉइलचं असेल तर कॉइलबरोबर चालू लागेल,
जागेचं असेल तर जागेवर बसून राहील.
सरांना म्हटलं, न्या. आणि लिहा.

शनिवारी परत आले.
तिसराच.

दुखणं जागेचं.
पण कसलं? मी वही मागितली.
पानामागून पान, झटके, वेळा, सिग्नल,
आणि दर सात ओळींनी एक कोरी ओळ.
'शुक्रवारी काय करता सर?'
'तेच. तलावपाळीला तीन फेऱ्या, मग कॉफी.'
'त्या दिवशी वेगळं काय असतं?'
सरांनी बराच विचार केला.
फळ्यासमोर खडू हातात धरून करावा तसा.
'वर्तकनगरला आमच्या इमारतीत
शुक्रवारी पाणी नसतं.'

पाणी.
मी तिसरी कॉइल उपसली.
खाली अंगठ्याएवढी विहीर, तळाशी प्लग.
कोरडी ठणठणीत. इंजिनाच्या गरमीने केव्हाच सुकलेली.
पण प्लगच्या कमरेला तांबेरा,
आणि भिंतीवर क्षाराचं पांढरं कडं,
बादलीच्या बुडाला धरतं ना, तसं.
चोर गेला होता, ओले पाय ठेवून.

तौफिकला म्हटलं, वायपरच्या बुडाशी मगभर ओत.
टॉर्च धरला.
पाणी काचेवरून उतरलं,
फाटक्या रबरी पट्टीशी जरा थबकलं,
आणि थेंब, थेंब,
दुसरीकडे कुठेही नाही,
तिसऱ्याच्याच डोक्यावर.
इंजिन चालू केलं.
विहिरीतून टिकटिक ऐकू आली,
ठिणगी वाट सोडून पाण्याशी बोलत होती.
गाडी हलायला लागली.
सर हळूच म्हणाले, 'हेच. अगदी हेच.'
एवढे खूश झाले, जणू बिघाड नव्हे, पाहुणा आला.

(छातीचा ठोका वगैरे उपमा मला सुचली होती.
दिली नाही. इंजिन ते इंजिन.)

पट्टी एकशे ऐंशीची. मजुरी मी सांगितली ती.
पैसे मोजताना सर थांबले.
'झुंबर धुतो हो गाडी. पहाटे साडेपाचला.
जालन्याकडचा आहे. गावी टँकरच्या रांगेत वाढलेला.
मी फडक्याने पूस म्हटलं, तरी काचेवर बादलीच ओततो.
त्याला काय सांगू?'

काय सांगणार?
'काही नका सांगू,' म्हटलं. 'आता ओतू दे.'

सरांनी खिशातून पेन काढलं,
बोनेटवर वही ठेवून तारीख घातली,
माझ्या सहा इंची पट्टीने खाली रेघ मारली.
कारण : आंघोळ.

मग पान उलटलं,
आणि पुढच्या कोऱ्या पानाला
समास आखायला घेतला.