चार आणे

नऱ्ह्यात, गॅस गोदामाच्या मागे, आमची शेड.
बुधवारी जुन्या बाजारातून आणलेलं बेअरिंगचं पोलाद
पट्ट्या पाडून ग्राइंडरवर लखलखीत केलं.
मुबारकने थर रचले: पोलाद, निकेल, पोलाद, निकेल.
एका थराला पत्रा तोकडा पडला.

आईने कमरेचा बटवा सोडला.
"ही चालतात का बघ."
पंचवीस पैशांची जुनी नाणी.
चुंबकाला चिकटली ती अकरा, बाकीची घरंगळली.
विळा शेवटायचे तेव्हा चार आणे मिळायचे;
बाप भात्यावर, घण तिच्या हातात,
सासवड रस्त्याच्या कडेला, मी झोळीत.

नाणी ठोकून पातळ केली.
सिंह आधी पुसट, मग सपाट, मग नुसतीच चकाकी.
"सरकार काही म्हणायचं नाही ना?"
"सरकारनेच टाकून दिलीत, आई."

टाकणखार उकळला, काचेसारखा ओघळला.
मुबारकचा हात हॅमरच्या बटणाकडे गेला.
"थांब," ती म्हणाली.
पदर खोचला, गुडघ्यांना एक शिवी दिली, घण उचलला.
मी सांडशी घट्ट धरली.
पहिले घाव मारायचे नसतात, थोपटायचे असतात.
मागच्या खेपेला आम्ही मारले होते,
आणि थर सुटले होते, शिळ्या चपातीचे पापुद्रे जसे.
"ऐक. अजून पोकळ बोलतंय.
अजून.
हां. आता एक झालं."
मला फरक कळला नाही. मान डोलावली.

निकेल हे असं:
दोन्हीकडच्या पोलादाला बिलगतं,
पण इकडचा कार्बन तिकडे जाऊ देत नाही.
पाणी दिलं तरी नरमच.
म्हणून धारेला ते येऊ द्यायचं नाही,
धारेला नुसतं बेअरिंग.

फेरिक क्लोराईडमधून पातं वर आलं.
पोलाद काळवंडलेलं, निकेल जसंच्या तसं:
केसाएवढ्या पांढऱ्या रेघा,
आणि मुठीपासून चार बोटांवर
रेघ तुटून डाग, डागाला लागून डाग,
तव्यावर ताक शिंतडावं तसे.
कोरेगाव पार्कातला तो शेफ विचारेल, हे काय.
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

आईने धारेवर अंगठा आडवा फिरवला.
"केवढ्याला जाईल?"
खरा आकडा जिभेवर होता. निम्मा सांगितला.
तरी ती गप्प झाली,
आणि बोटांच्या पेरांवर
विळे मोजू लागली.