शेरा

केंद्र म्हणजे जतच्या बाजारामागचं
बेदाण्याचं जुनं शेड.
मालक म्हणाला, भाडं नको,
फक्त हंगामात मागच्या दोन खोल्या माझ्या.
म्हणून आमच्या लॅपटॉपना गंधकाचा वास येतो
आणि मार्चमध्ये कीबोर्डच्या फटीतून
मुंग्या निघतात ओळीनं,
आतून कुणी टाइप करत असल्यासारख्या.

सात मशीन, एक पत्र्याची पेटी.
खाली वाकळ, वर वाकळ,
गाडीच्या मागं सुतळीनं बांधलेली.
सोमवारी मुचंडी, मंगळवारी दरीकोणूर,
बुधवारी जिला नकाशात नाव नाही त्या वस्तीवर
कोळेकर बाईंची शाळा:
दोन खोल्या, एकोणीस पोरं,
आणि एक लिंब, ज्याच्या बुंध्याशी मोबाइलला रेंज येते.

समोरच्या माळावर पवनचक्क्या.
दिवसभर सावकाश फिरतात,
दळलेलं कुणाकडं जातं कोण जाणे.
शाळेत लाइट नाही.
मी बॅटऱ्या रात्रीच भरून आणते
दुधाच्या किटल्यांसारख्या,
दीड तासात रतीब संपतो.

सात नंबरचं शिफ्ट बसलंय.
त्याच्यावर 'शाळा' लिहिली की 'साला' उमटतं.
पोरं सात नंबरसाठी भांडतात.
बाई आधी रागावल्या, मग
पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेल्या.

त्या बुधवारी म्हटलं, घरी काय काय आहे ते लिहा, पाच ओळी.
सिद्धव्वा, चौथी, चार नंबरच्या मशीनवर,
एकाच बोटानं,
तवा तापलाय का बघावं तशी टेकवत, उचलत:
'आमच्या घरी अठ्ठावीस कुरी आहेत.'

कुरीखाली तांबडी नागमोडी रेघ आली.
तिनं बोट मागं घेतलं.
'तप्पायतेन, मॅडम?'
भ्याली की तिचं मराठी पळतं.
चुकलं का, एवढंच विचारत होती.

बाई फळ्याकडं वळल्या मेंढी लिहायला.
मेंढीचा मे झाला
आणि खडू तिथंच राहिला.
बाईंच्या घरीसुद्धा कुरीच म्हणतात,
हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मी सिद्धव्वाला माऊसचं उजवं बटण दाखवलं.
यादी उघडली. मशीन म्हणत होतं:
कुरण. कुरूप. कुरकुर. सुरी.
तिनं एकेक शब्द मोठ्यानं वाचला.
'कुरण चाललं असतं,
पण ते सरलंय.
सुरी नको.'

सगळ्यात खाली एक ओळ होती,
मीही कधी नीट न वाचलेली:
शब्दकोशात घाला.
'दाबू?'
'दाब.'
रेघ गेली.
सिद्धव्वानं मशीन जरा तिरकं उचललं,
खाली सांडली का बघायला.

मग रेवणसिद्धला 'हुणशी' घालायची होती,
कुणाला आजीचं नाव, कुणाला कुत्र्याचं,
आणि तेवढ्यात बॅटरी संपली.

सोमवारी मुचंडीत
एका पोरानं चार नंबरवर कुरी लिहिली, रेघ आली नाही.
शेजारच्यानं पाचवर लिहिली, आली.
'मॅडम, पाच नंबर अडाणी आहे.'
मी हसले, आणि परतीच्या रस्त्यावर
उगाच गाडी हळू चालवली.
पेटीत सात जण होते,
त्यातल्या एकाला घरचं बोलणं कळत होतं.

संध्याकाळी शेडवर नोंदवही.
रकाना शेवटचा, बिघाड व शेरा:

तीन. चार्जरची वायर उंदरानं खाल्ली.
सात. शिफ्ट. दुरुस्तीला पाठवण्याआधी पोरांना विचारणे.
चार. बिघाड नाही. एक शब्द जास्त.
पाच. घालायचा राहिलाय.