सात दिवसांचा डबा

रविवारी मिस्सा आटोपली की
टेबल पुसते
आणि आठवडा भरायला बसते.
सकाळ, दुपार, रात्र. एकवीस खण.
माझी तेरा औषधं, फ्रानेची नऊ.

हातांना शिकवावं लागलं नाही.
एकतीस वर्षं या हातांनी कारखान्यात सार्डिन भरल्या:
डोकं इकडे, शेपटी तिकडे,
वर मीठ, वर तेल.
मी मोजत नसे, बोटं मोजत.
रात्री होड्या लागल्या की भोंगा व्हायचा,
दोनला, अडीचला, केव्हाही,
आणि बेटावरच्या आम्ही सगळ्या बायका
एप्रनच्या नाड्या बांधत उतारावरून धावायचो.

आता तिथे हॉटेल आहे.
भोंगा माझ्या ओटीपोटात वाजतो.
पाणी काढणारी ती बारकी पांढरी गोळी
बरोबर अडीचला उठवते.
भिंत धरून जाते, भिंत धरून येते.
अंधारातून फ्राने विचारतो, "आल्या का होड्या?"
"आल्या. झोप."

नोव्हेंबरात जुगो सुटला. चार दिवस बोट नाही,
दुकानात गिऱ्हाईक नाही,
म्हणून निवेस घरी आली, औषधांच्या दुकानातली नवी मुलगी.
म्हणाली, "पेरिना मावशी, सगळं बाहेर काढा.
सगळं म्हणजे सगळं."
काढलं.
बिस्किटांचा टिन, शिवणाची टोपली,
संत निकोलाच्या तसबिरीमागची अर्धी स्ट्रिप,
आणि लाजत लाजत
माझ्या दिराच्या उरलेल्या दोन बाटल्या.
तो गेला, पण औषध महागाचं, टाकवलं नाही.

तिने पेन्सिल घेतली.
रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले,
सुजेवर पाण्याची गोळी,
पाण्याच्या गोळीने रात्रीची धावपळ,
धावपळीवर निळी,
निळीने तोंडाला कोरड, डोक्यात धुकं,
धुक्यावर स्प्लिटच्या डॉक्टरांची आणखी एक.
कागदभर बाण,
माशामागे मासा लागावा तसे.
"एकीने दुसरीला बोलावून आणलं," ती म्हणाली.
मी म्हटलं, पोरी, आमच्या घरातली लग्नं अशीच जमली.

फोन झाले. डॉक्टर कुरकुरले, मग हो म्हणाले.
पहिली बदलली, तिच्यामागच्या तिघी गेल्या,
एकदम नाही, हळूहळू,
पाहुणे दारापर्यंत पोचवतात तशा.

दुपारचा खण पहिल्यांदा रिकामा राहिला
तेव्हा बोट घालून पाहिलं.
कारखान्यात अर्धा डबा पुढे गेला
तर पगार कापत.
आणि खरं सांगू? थोडा अपमानच वाटला.
शेजारच्या दोमिनिकाला बारा आहेत.
मी दहावर आले.

फेब्रुवारीत एका दुपारी
बटाटे घालून चार्डची भाजी केली, नेहमीसारखी,
पहिला घास घेतला आणि थांबले.
समुद्र.
नुसता समुद्र, ताटात.
"फ्राने, हे असं कधीपासून?"
त्याने पावाचा तुकडा पुसत पुसत ताट स्वच्छ केलं.
"दोन वर्षं झाली असतील."

दोन वर्षं माझ्या जिभेला काही कळत नव्हतं
आणि मिठाला हात सैल सुटला होता.
खाल्ल्या मिठाला जागला तो,
एका शब्दाने बोलला नाही.
आणि त्याचा रक्तदाब का चढतोय
म्हणून डॉक्टर बुचकळ्यात,
म्हणून त्याची आठवी,
म्हणून त्याची नववी.

निवेसचा कागद ड्रॉवरमध्ये होता.
पेन्सिलीने आणखी एक बाण काढला,
माझ्या हातापासून त्याच्या डब्यापर्यंत.
उद्या तो कागद घेऊन दुकानात जाणार आहे.
तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

आता अडीचला मला जाग येत नाही.
सकाळी कॉफी ओतताना फ्राने सांगतो,
"रात्री होड्या आल्या होत्या.
तुला उठवलं नाही."