खालसा

रात्री साडेअकराला धनकवडीत
तिसऱ्या मजल्यावर मी राज्य करते.
उपेंद्र जर्मनीला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला,
त्यात हा खेळ.
म्हणाला, मावशी, तुला जमेल,
तुझंच तर काम आहे.

माझं काम म्हणजे मोडी वाचणं.
पानाला दीडशे,
पुसट असेल तर दोनशे.

खेळात सन सोळाशे ब्याण्णव.
डावीकडे तीन चेहरे: सरदार, पंडित, सावकार.
प्रत्येकापुढे दोन आकडे, निष्ठा आणि प्रभाव.
निष्ठा घसरली की बंड,
प्रभाव चढला की डोक्यावर मिरी वाटतात.
म्हणून सनदा द्यायच्या.
सरदारांना घाटाखालचे गड,
पंडितांना करमाफी,
सावकारांना टांकसाळीचा मक्ता.
दिलं की त्यांचा आकडा हिरवा होतो
आणि खालशाची जमीन कोपऱ्यात आक्रसते,
धुतलेल्या सुती झंपरासारखी.

द्यायला एक टिचकी.
परत घ्यायला वीस वर्षं आणि एक लढाई.

हे मला शिकवावं लागलं नाही.
अप्पा बळवंत चौकामागे
झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे,
तिथे मी दिवसभर हेच वाचते:
तुम्ही व तुमचे पुत्रपौत्रादि
वंशपरंपरेने अनुभवून सुखरूप राहणे.
‘वंशपरंपरेने’पाशी कारकुनाचा बोरू नेहमी घाईत असतो,
इतक्यांदा लिहिलेला शब्द,
अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली.

मंगळवारी किसन खोमणे आले,
पुरंदरच्या पायथ्याचे.
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये एक कागद,
आठ घड्या, घडीघडीवर भोक.
गावच्या हक्कांची यादी होती.
पाटलाचा मान, कुळकर्ण्याची जमीन,
देशमुखाची भेट, पानसुपारी, पागोटं.
सगळ्यात खाली, समासाला चिकटून:
रामोशी, रखवालीस. दर घरी शेर जोंधळे.
चोरी जाहल्यास माग काढावा,
न निघे तरी भरून द्यावे.

‘नाव हाये का आमचं?’
आहे, म्हटलं.
‘जमीन?’
नाही. जोंधळे. आणि चोर सापडला नाही
तर भरपाई तुमच्याकडून.
ते थोडं थांबून हसले,
समोरचा एक दात नव्हता.
‘म्हंजी इनाम बी आमालाच अन् दंड बी.’
मग म्हणाले, लिहून द्या तेवढं.
नाव हाये, तेवढं तरी लिवा.

पान पुसट होतं.
त्यांनी दहाच्या नोटा मोजून दोनशे ठेवले.
मी घेतले.
मागे जुन्नरचं गिऱ्हाईक ताटकळत होतं.

त्या रात्री मी डावीकडे चौथा चेहरा शोधला.
नाही.
नकाशात पुणे प्रांतावर बोट ठेवलं:
उत्पन्न अकरा, असंतोष शून्य.
शून्य कुणामुळे, ते लिहिलेलं नव्हतं.
सरदारांची एक सनद काढून घेतली, उगाच, रागाने.
निष्ठा चाळीसवरून अठरा.
दोन महिन्यांत मावळात झेंडे उभे राहिले,
कुणाचे ते बघायच्या आत
मी स्पेसबार दाबला. काळ थांबला.

खाली शिट्टी वाजली.
बोत्रे काका फेरी घालत होते,
बी विंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत,
टाकीपासून गेटपर्यंत.
गेल्या महिन्यात पार्किंगमधून
शहांच्या मुलाची गिअरची सायकल गेली.
चोर सापडला नाही.
कमिटीने काकांच्या पगारातून
दरमहा आठशे कापायचं ठरवलं.
ठराव एकमताने.

मी होते त्या मीटिंगला.
चहाचा कप उजव्या हातात होता,
म्हणून डावा वर केला.