चौथ्यांदा

महापे, पाचवा मजला.
टिपणीस साहेबांनी फळ्यावर एक चौकोन काढला,
त्याच्या पोटात सहा चौकोन,
आणि वर लिहिलं : पाया.
आधीचा होता सेतू.
त्याच्या आधीचा संगम.
त्याहीआधीच्याला नाव नव्हतं,
केणी एकटाच होता तेव्हा, हाक मारायची वेळ यायची नाही.

पहिल्यावर मी शिकले, पुढचे दोन बांधले.
दोन्ही वेळा मार्कर असाच सुकलेला होता,
आणि दोन्ही वेळा आम्ही म्हणालो,
जुनं वाचत बसण्यापेक्षा नवं लिहू,
दोन महिन्यांत होईल.

खरं सांगू?
दुसऱ्याचं वाचताना माणूस लहान होतो,
स्वतःचं लिहिताना उंच.
कारण एवढंच.
बाकीच्या कारणांसाठी स्लाइड्स असतात.

सानिया मुकादम, लागून तीन महिने झालेत,
लॅपटॉप उघडाच घेऊन येते.
मॅडम, हे काय आहे?
ओळ दोन हजार एकशे चाळीस :
माल कांदा, आणि गोणी ओली,
तर हमाली वजनावर नको, नगावर मोजा.
खाली केणीची टीप :
काढू नका. शेलारांना विचारा.

कोण शेलार?

ज्ञानदेव शेलार, तुर्भ्याच्या बाजारात टोळीचे मुकादम,
म्हणजे कामाने, तुझ्यासारखे आडनावाने नव्हेत.
पहाटे चारला फोन आला होता त्यांचा :
व्यापारी पाण्याचं वजन कापतो, ताई,
पण ते पाणी पाठीवर मीच उचललेलं असतं.
केणीनं त्याच रात्री ही ओळ लिहिली,
आणि सकाळी मला म्हणाला, कुरूप आहे, पण राहू दे.

संगममध्ये आम्ही ती काढली.
कुरूप होती ना.
अकरा दिवस त्रेचाळीस माणसांची मजुरी कमी पडली
आणि आमच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं.
सेतूमध्ये मी ती माझ्या हाताने उतरवून घेतली,
न विचारता, शेंदूर फासलेल्या दगडासारखी.

घणसोलीला घरी जाताना
सेक्टरचा रस्ता पट्टीनं आखल्यासारखा येतो
आणि गावठाणापाशी अचानक वाकतो.
जागृती मढवी तिथलीच. ती म्हणाली,
नकाशा आला तेव्हा आमची विहीर आधीच होती.
आता विहिरीवर जाळी आहे, पाणी कोणी भरत नाही.
रिक्षावाले मात्र अजून तिथे हॉर्न देतात.

पण प्रत्येक वाकण विहिरीचं नसतं, सानिया.
याच कोडमध्ये एका बुडालेल्या बँकेची सुट्टी आहे.
आणि एक जागा आहे जिथे सात मिळवून
पुढच्या ओळीत सात वजा केलेत.
तो मीच, त्या दिवशी दमले होते.
बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

ती तुर्भ्याला गेली, पहाटे, एकटीच.
शेलार पाटणला परतलेत, गुडघे गेले.
त्यांच्या जागी सुनील म्हणून कुणी होता, तो हसला :
कांदा आता जाळीच्या पिशवीत येतो, मॅडम, पाणी धरत नाही.
मग ओळ काढू?
थांबा. बटाटा अजून तागातच येतो की.

म्हणजे नऊ वर्षं आम्ही
बरोबर कारण चुकीच्या मालाला बांधून ठेवलं होतं.
आणि बटाट्याच्या पावसाळ्यांचा हिशोब?
तो कुणी केलेला नाही.
मी टिपणीस साहेबांकडे आठवडा मागितला आहे,
त्यांनी दोन दिवस दिलेत.

पायामध्ये सानियानं टीप लिहिली,
केणीच्यापेक्षा लांब :
गोणी तागाची असेल तर. माल कुठलाही.
का, तर पाणी माणूस उचलतो.
विचारलं : सुनील, बटाटा गल्ली, पहाटे चार ते सहा.
हे वाचाल तेव्हा पुन्हा जाऊन विचारा.
चप्पल घालून जाऊ नका, चिखल असतो.